ओटीजी जास्त तापतो, ही तक्रार नोंदवायची कुठे?

ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर एकत्र असलेला छोटा विजेचा ओव्हन, घेताना सगळे विचारतात, किती लिटरचा, किती वॉटचा, आत पंखा आहे का. बटण १८० वर लावलं की आत खरंच १८० होतं का, हे कोणीच विचारत नाही. दुकानदार सांगत नाही, माहितीपुस्तिकेत तर त्याबद्दल एक ओळ नाही.

ओट्यावर बसवायचं काम पटकन उरकलं. मिक्सर फळीवर चढला, कोपरा मोकळा झाला, मागे आणि दोन्ही बाजूंना साधारण १० सेंटिमीटर जागा सोडली. वरचा पत्रा चांगलाच तापतो, त्यामुळे वर काहीही ठेवायचं नाही, हे घरात एकदाच पण खणखणीत आवाजात सांगितलं. पहिल्यांदा रिकामाच फुल्ल तापमानावर, खिडक्या उघड्या ठेवून चालवला. आतल्या तापणाऱ्या रॉडवरचा तेलकट थर जळून धूर निघतो, वास येतो. तो एकदाच येतो.

मग केक. पाककृतीत १८० अंशांवर ३५ मिनिटं. पंधराव्या मिनिटाला वरून काळा ठिक्कर आणि मध्ये सुरी घातली तर कच्चं पीठ. ज्याला सांगावं तो म्हणे, छोट्या ओव्हनमध्ये असंच होतं, खालच्या खाचेत जाळी लाव, वर फॉइल झाक. हे खरं आहे, नाही असं नाही. पोकळी लहान, त्यामुळे रॉड पदार्थाच्या अगदी डोक्यावर असतो आणि वरची बाजू आधी रंगते. पण खालच्या खाचेत ठेवलेली बिस्किटंही करपली, फॉइलखालचा केकही वेळेच्या आधी कोरडा पडला. तेव्हा माझा संशय बटणावर गेला.

ओव्हनमध्ये टांगायचा काट्याचा थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीला अडकवला, बटण १८० वर ठेवलं आणि काचेतून बघत बसले. काटा १८० ओलांडून २०० च्या पुढे गेला, २३५ ला ‘टिक’ असा आवाज आला आणि रॉडची लाली उतरली. मग काटा हळूहळू खाली आला, २०५ ला पुन्हा टिक, रॉड पुन्हा लाल. म्हणजे सरासरी २२०! बटण १५० वर लावलं, तर आत १९०.

आता, काटा वरखाली होणं हा दोष नव्हे. साध्या थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणाऱ्या भागात, दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, वीज तुटते. थंड झाल्यावर पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा जोडली जाते. त्यामुळे तापमान हिंदकळत राहणारच. शिवाय ही पट्टी भिंतीपाशी बसवलेली असते, केक मध्यभागी असतो, म्हणून थोडाफार फरक चालायचाच. पण हिंदकळायचं ते १८० च्या आसपास. माझा ४० अंश वर बसून हिंदकळत होता.

आता माझं डोकं जिथे फिरलं तो भाग. वॉरंटी चालू होती, म्हणून ऑनलाइन तक्रार करायला गेले. ‘समस्येचा प्रकार निवडा’ असा रकाना, त्यात पर्याय: चालू होत नाही. गरम होत नाही. काच फुटली. टायमर बिघडला. आतला दिवा गेला. जास्त गरम होतो, असा पर्यायच नाही! ‘इतर’ सुद्धा नाही. प्रकार निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, मी ‘गरम होत नाही’मध्ये टाकते, टेक्निशियन आले की त्यांना सांगा.”

टेक्निशियन आला. त्याच्या मोबाइलवर तक्रार होती ‘गरम होत नाही’. त्याने ओव्हन लावला, दार उघडून हात आत धरला आणि म्हणाला, “तापतोय की मॅडम, मस्त तापतोय.” मी थर्मामीटर दाखवला. तो म्हणाला, बाहेरचा थर्मामीटर कंपनी मानत नाही. लाल दिवा लागतोय, टिक-टिक येतंय, म्हणजे थर्मोस्टॅट ओके. संध्याकाळी मेसेज आला: तक्रार निवारण झाले, उपकरण व्यवस्थित गरम होत आहे. त्याखाली पाच तारे द्या म्हणून लिंक!

त्या लाल दिव्याबद्दल सांगून ठेवते. बऱ्याच साध्या ओटीजीत तो फक्त ‘टायमर चालू आहे’ एवढंच सांगतो, आत किती तापलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्याच्याकडे बघून प्रीहीट झालं, म्हणजे पदार्थ ठेवण्याआधी ओव्हन पुरेसा तापला, असं धरू नका.

थर्मामीटर मानत नसतील तर साखर तरी मानतील, म्हणून दुसरा पुरावा तयार केला. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून बटण १७५ वर ठेवलं तर पंधरा मिनिटांनी ती कोरडीच राहायला हवी. माझ्याकडे तिचा मधाच्या रंगाचा पाक झाला होता. त्याचा फोटो, शेजारी १७५ वरचं बटण स्पष्ट दिसेल असा, आणि काट्याचे आकडे घेऊन पुन्हा तक्रार. प्रकार अर्थातच ‘गरम होत नाही’. पुन्हा बंद. पुन्हा उघडली. शेवटी फोनवर ‘तापमान नियंत्रण सदोष, सुरक्षिततेचा प्रश्न’ हे शब्द वापरले आणि तक्रार एकदम वरच्या साहेबांकडे गेली. हे शब्द लक्षात ठेवा. ‘केक करपतो’ म्हटलं की समोरचा तुम्हाला केक शिकवायला लागतो.

यावेळी जरा वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी आधी माझा थर्मामीटर हातात घेतला, काटा बघितला, काही न बोलता प्लग काढला, ओव्हन थंड होऊ दिला आणि बाजूचा पत्रा खोलला. थर्मोस्टॅट बदलला. त्यांच्यासमोरच पुन्हा मोजलं: १७० ते १९५. मला इतका आनंद झाला की त्या दिवशीच्या लिंकवर पाचही तारे दिले, फक्त ‘या गृहस्थांसाठी’ असं लिहून.

तेव्हा ओटीजी घरी आला की केकच्या आधी थर्मामीटर लावा. फरक दहा-पंधरा अंशांचा असेल तर भांडत बसू नका, तेवढं बटण मागेपुढे ठेवा. काटा एकदा टेकला म्हणून लगेच पदार्थ आत ढकलू नका, दोन-तीनदा टिक होऊ द्या, म्हणजे भिंतीही तापतात. पंखा असेल तर पाककृतीपेक्षा २० अंश कमी ठेवा.

हे आधी यायला हवं होतं: वॉट भागिले व्होल्ट करून बघा. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर खेचतो, ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपणार नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

खालच्या चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरायचा मोह आवरा. त्यावरून उष्णता उलट रॉडकडे फेकली जाते. बटर पेपरचे कोपरे भांड्याबाहेर लोंबू देऊ नका, रॉडला लागले की पेटतात. आणि चावीच्या टायमरवर पाच मिनिटं लावायची असतील तर आधी २० च्या पुढे फिरवून मग मागे आणा, नाहीतर स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही आणि घंटा वाजतच नाही.