दाउन्नेचा चढ आणि हुकलेला शनिवार : नेपाळच्या सेवा-सहलीचा वृत्तांत

नेपाळात शाळा शनिवारी बंद असते आणि रविवारी सकाळी दहाला भरते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं घेऊन तिकडे निघणाऱ्या प्रत्येकाने एवढं आधी पाठ करावं. आमच्या एजंटाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रविवार : शाळेला सुट्टी, दिवसभर रंगकाम’ असं स्वच्छ छापलेलं होतं. रविवारी रंगाचे डबे घेऊन फाटकाशी पोचलो तर गणवेशातली मुलं प्रार्थनेच्या रांगेत उभी. आठ वर्ग, खडूने लिहायचे आठ खरबरीत पांढरट फळे, आणि एकही खोली रिकामी नाही. शाळा चारला सुटल्यावर अंधार पडेपर्यंत दोनच फळे हाताखालून गेले. त्यांनाही दुसरा हात देता आला नाही.

कामाचा खरा दिवस शनिवार होता, आणि तो दाउन्नेच्या चढावर गेला.

सोनौलीची हद्द ओलांडली की भैरहवा, मग बुटवल, आणि तिथून पूर्वेला नारायणगढकडे जाणारा महेंद्र राजमार्ग. शाळा कावासोतीच्या बाजूला आहे. बुटवल ते नारायणगढ अंतर साधारण ११५ किलोमीटर, म्हणून एजंटाने तीन तास धरले होते. हा हिशेब साफ चुकीचा आहे. या रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललंय आणि बर्दघाटनंतर लागणारा दाउन्नेचा डोंगर हे त्यातलं सगळ्यात वाईट दुखणं. शनिवारी दुपारी बाराला भैरहवा सोडलं आणि मुक्कामी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. त्यातले पाच तास एकट्या दाउन्नेवर गेले. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांना सरावलेली पोरंसुद्धा गप्प झाली होती.

तिथं अडकायला होतं ते असं. डोंगर एका बाजूने कापलाय, त्यामुळे काही वळणांवर एकच पट्टी उरते. भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढतात. एखाद्याचा पाटा तुटला किंवा चाक मातीत रुतलं की मागे रांग लागते. मग बस आणि जीपवाले रांग सोडून उजवीकडून दुसरी ओळ लावतात, समोरून येणाऱ्यांची वाट बंद होते, आणि बिघडलेला ट्रक ओढायला क्रेनसुद्धा पोचू शकत नाही. कोरड्या दिवसांत पिठासारखी धूळ, पावसात लाल चिखल. ड्रायव्हरने पुढच्याला विचारलं आणि ‘बाटो जाम छ’ (रस्ता जाम आहे) असं उत्तर आलं, की वेळेचा अंदाज बांधणं सोडून द्यावं.

म्हणून दाउन्ने दिवसा आणि शक्य तितक्या लवकर पार करा. रात्री अजिबात नको. बर्दघाटला सगळ्यांना सक्तीने उतरवा आणि शौचालयाला जायला लावा, कारण डोंगर उतरून दुमकीबासला पोचेपर्यंत नीट सोय मिळत नाही. सगळ्यात जास्त हाल मुलींचे होतात, आणि ते टाळता येण्यासारखे आहेत. उलटीची गोळी ज्याला लागते त्याने ती चढ लागण्याआधी अर्धा तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. माणशी दोन लिटर पाणी हवं. धुळीला कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ घ्या. टपावरच्या बॅगा आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर उद्याचे कपडे आजच मळतील.

वार कसे लावायचे? आमच्या कार्यक्रमात शुक्रवारी लुंबिनी होती. तो दिवस छान गेला, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. पण ती जाताना ठेवणं हीच मूळ चूक. लुंबिनी भैरहव्याजवळच आहे, ती परतीला करा. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने झाशी, तिथे गाडी बदलून गोरखपूर, आणि गोरखपूरला गुरुवारी रात्री मुक्काम. शुक्रवारी पहाटे पाचला निघालं की सोनौली अडीच-तीन तासांवर आहे. पुढे दाउन्नेने कितीही खाल्लं तरी शुक्रवारी रात्री अंथरुणावर पाठ टेकते आणि पूर्ण शनिवार हातात राहतो. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. बसवाल्याने सातला बोलावलं तर आपल्या घड्याळात पावणेसात.

भारतीय बस पलीकडे नेऊ नका. भन्सारचे, म्हणजे त्यांच्या जकातीचे, कागद आणि परवाना यात सकाळ जाते. सोनौलीला उतरा, कमानीखालून चालत जा आणि पलीकडे बेलहियाला नेपाळी बस ठरवा. भाडं ठरवताना पहिला प्रश्न ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर बांधलेला आहे. आम्हाला आकडा नुसताच सांगितला गेला आणि उतरताना तो आयसीत मागितला. समजा १६,००० एनसी ठरलेत, तर ते १०,००० भारतीय होतात. तेच १६,००० भारतीय देऊन बसलात तर ६,००० पाण्यात. कागदावर आकड्याशेजारी ‘एनसी’ लिहून घ्या, आणि ड्रायव्हरचं जेवण व खोळंब्याचे पैसे त्यात धरलेत का तेही. हद्दीवर १०० ला १५० देणाऱ्याकडे नोटा बदलू नका. भारतीय नोटा १०० च्या आणि त्याखालच्याच ठेवा, मोठ्या नोटांवरून कटकट होऊ शकते.

ओळखपत्राबाबतही आमची दिशाभूल झाली. ‘आधार चालतं’ असं सांगितलं होतं. प्रौढांना पासपोर्ट किंवा फोटोचं मतदार ओळखपत्रच लागतं. पायी जाताना कदाचित कुणी विचारणारही नाही, पण विचारलं तर मूल तिथेच अडकतं. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, सतरा वर्षांची मुलं असतील तर मुख्याध्यापकांचं किंवा प्राचार्यांचं ओळख प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात, फोटोसह, इंग्रजीत करून घ्या. कन्नडातला दाखला तिथे कुणाला वाचता येत नाही.

आता काम. एक-दोन दिवसांसाठी जाणार असाल तर बांधकाम घेऊ नका. विटांच्या भिंतीला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि आपण तिसऱ्या दिवशी निघतो. पाणी न मिळालेला सिमेंटचा मसाला भुसभुशीत होतो आणि ती भिंत शाळेच्या गळ्यात पडते. फळे रंगवणं हे मात्र एका शनिवारात पुरं होणारं आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला रोज उपयोगी पडणारं काम आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही.

रंग बेळगावहून नेऊ नका, रेल्वेत ज्वालाग्राही माल चालत नाही. बुटवलला घ्या. आठ बाय चार फुटांचे आठ फळे, दोन हात, जुना सिमेंटचा गिलावा रंग पितो हे धरून आठ लिटर फळ्याचा काळा रंग, दोन लिटर टर्पेंटाइन, दोन किलो पुट्टी, चार इंची ब्रश आठ. पॉलिश पेपर ८० आणि १८० नंबरचा, प्रत्येक फळ्याला दोन-दोन. एका फळ्यावर चारच मुलं, जास्त झाली की धक्काबुक्की आणि ओघळ.

शुक्रवारी रात्री कितीही दमलात तरी फळे ओल्या फडक्याने पुसून ठेवा. शनिवारी सकाळी ते पूर्ण कोरडे हवेत; ओलाव्यावर रंग मारला तर फोड येतात. ८० नंबरने घासायचं, भेगांत पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं आणि धूळ झटकायची. पहिला हात दहा टक्के टर्पेंटाइन घालून पातळ, सकाळी अकराच्या आत. संध्याकाळी हाताला चिकटत नसेल तरच १८० नंबर हलका फिरवून दुसरा हात. हा घासा टाळला तर फळा चकाकतो आणि खिडकीकडून अक्षर दिसत नाही. रविवारी त्यावर लिहू देऊ नका. सोमवारी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. तसं न केल्यास पहिली लिहिलेली अक्षरं कायमची उमटून राहतात. डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, दाट धुकं असतं, रंग वाळत नाही. दिवाळीत त्यांचा तिहार, शाळाच बंद. चैत्रात परीक्षा. फेब्रुवारी सगळ्यात बरा.

रविवार शिकवण्यासाठी ठेवा, आणि इंग्रजीतून भाषण देऊ नका. लिपी तीच असल्याने आपली मुलं त्यांचं पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचू शकतात. नेपाळी छपाईतल्या वेगळ्या वळणाच्या झशी तेवढी अडखळतात. तारखा विक्रम संवताच्या, आपल्यापेक्षा ५६-५७ वर्षं पुढच्या. गणिताचा तास त्यावरच रंगतो. आमच्यातल्या एकीने फळ्यावर ‘बेळगाव’ लिहिलं तर पाचवीतली मुलगी पुढे येऊन ळवर बोट ठेवून उभी राहिली. त्यांच्या वर्णमालेत ळ नाही. पुढची वीस मिनिटं बाळ, केळं, जोंधळा यांत गेली, आणि अख्ख्या सहलीतला तोच सगळ्यात चांगला तास.

जेवण सकाळी दहाच्या सुमारास डाळभात, दुपारी खाजा, म्हणजे हलकं खाणं, मग रात्री पुन्हा डाळभात. आठच्या नाष्ट्याची सवय असलेली मुलं रंगकामात गळतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी माणशी चार दिवसांची बांधा. भेट द्यायला मिठाई न्यायची तर बेळगावचा कुंदा नको, टिकत नाही. गोकाकचा करदंट न्या.

परतताना मंगळवारी पहाटे चारला कावासोती सोडा, दुपारी लुंबिनी, रात्री भैरहवा. गोरखपूरहून रेल्वेचं आरक्षण बुधवारी संध्याकाळचं किंवा त्यानंतरचंच करा. दाउन्ने ज्या दिवशी ओलांडायचा त्या दिवशीची गाडी कधीच धरू नका.