भुताचा जबाब नोंदवू नका

मुंबईतल्या डिटेक्टिव्ह कथेत बाईचं भूत आणायचंय? मग आधी ते कुठल्या प्रकारचं, ते ठरवा. आपल्याकडे वर्गवारी तयारच आहे: सवाष्ण मेली की जखीण, विधवा मेली की लावसट, बाळंतपणात गेली की अळवंतीण. पांढरी साडी आणि मेणबत्ती हा निव्वळ आळस. हिरव्या बांगड्यांतली जखीण तपासाला किती देते बघा.

सवाष्ण म्हटल्यावर पहिला प्रश्न, लग्नाला किती वर्षं झाली? सात वर्षांच्या आतला संशयास्पद मृत्यू असेल तर नुसता पोलिसांचा पंचनामा पुरत नाही, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. फौजदाराने जुन्या एडीआरची, म्हणजे अपघाती मृत्यूच्या नोंदीची, फाइल उघडली, चौकशीचा अहवाल गायब आणि लग्नाच्या तारखेची जागा कोरी. झाली सुरुवात. फक्त काळ सांभाळा: 1999 पर्यंत मुंबईत कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता, आणि 1 जुलै 2024 पासून पंचनाम्याचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम 174 जाऊन नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194 आलंय.

पंचनाम्यात अंगावरचे दागिने मोजून लिहितात. समजा कागदावर सात बांगड्या आहेत आणि भुताच्या हातात नऊ. उरलेल्या दोन जिथे फुटल्या, तिथे झटापट झाली. काच कुजत नाही. फरशीच्या सांध्यात अडकलेला तुकडा वर्षांनंतरही मिळू शकतो. तिने तोंड उघडायलाच नको. भुताने खुन्याचं नाव सांगितलं की फौजदाराला काम उरत नाही, आणि तिचा जबाब कोर्टात टिकणार कसा?

वेळेत मात्र भलेभले घसरतात. रोज रात्री बाराच्या ठोक्याला वरळीच्या खडकांवर बाई दिसते म्हणे! समुद्र घड्याळ बघत नाही. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. खडक उघडे पडल्यावरच ती येत असेल तर आज 12 वाजता, उद्या 12.50 ला, परवा 1.40 च्या सुमारास. हवालदाराच्या वहीत या वेळा कशाही पडल्यासारख्या वाटतात. शेजारी भरतीचं कोष्टक ठेवलं की कोडं सुटतं.

आणि दिवे. एलईडीच्या आधीच्या मुंबईतली कथा असेल तर रस्त्यावर सोडियमचा पिवळा उजेड होता, आणि त्याखाली हिरवा रंग मळकट, काळपट दिसतो. "बांगड्या काळ्या होत्या साहेब," असं पानवाला शपथेवर सांगेल, आणि तो खोटं बोलत नसेल.