नवारीवरचे लाल टाके

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी योगासनं सुरू केली. आता पाडवा तोंडावर आलाय. मधल्या साडेचार महिन्यांचा हिशोब वहीत लिहून ठेवलाय, पैशांचाही आणि शरीराचाही. माझ्यासारखं नुकतंच सुरू केलेल्यांना उपयोग होईल म्हणून त्यातलं महत्त्वाचं इथे उतरवते.

मी सोलापूरची. घरी शिलाईकाम करते, मुख्यतः शाळेच्या गणवेशांचं. कापून आलेले शर्ट शिवून द्यायचे, डझनावर पैसे. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर जातात. मान पुढे, खांदे गोल, उजवा पाय सतत पायडलवर. गेल्या वर्षी अशी वेळ आली की संध्याकाळी उठताना मशीनच्या टेबलाला धरून दोन मिनिटं तसंच वाकून उभं राहायचं, मग हळूहळू कंबर सरळ व्हायची. डॉक्टरांनी तपासलं, हाडांत काही नाही म्हणाले, व्यायाम सुरू करा. मी हजार रुपये बाजूला काढले आणि ठरवलं की पहिले सहा महिने यातच भागवायचं.

पहिला आठवडा

दुकानात जाऊन मॅट बघितली. बरी म्हणावी अशी आठ-नऊशेच्या घरात. म्हणजे सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपले असते. परत आले आणि घरातली सतरंजी अंथरली.

त्रिकोणासन करताना सतरंजी पायाखालून सरकली. पडले नाही, पण मांडीच्या आतल्या बाजूला चांगलाच ताण बसला. दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून ठेवली आणि थेट फरशीवर उभी राहिले. आमचं घर जुनं, खाली पॉलिश न केलेली शहाबादी. तिला बारीकशी खरखर असते, अनवाणी पाऊल तिच्यावर घट्ट बसतं. तेव्हापासून ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन हे सगळं नुसत्या फरशीवर. बसायची आणि झोपायची आसनं सतरंजीवर, वर सोलापुरी चादर. या फरशीचा आणखी एक फायदा नंतर कळला. दोन फरश्यांमधला सांधा म्हणजे आयती सरळ रेघ. पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पावलाची कमान त्या एका रेघेवर ठेवली की पाय तिरके पडले का हे बघायला आरसा लागत नाही.

ज्यांच्या घरात गुळगुळीत टाइल्स आहेत त्यांनी मात्र सतरंजीवर उभ्याची आसनं करू नका. तुमच्यासाठी मॅटचे पैसे योग्य ठिकाणी जातील.

दुसरा ते पाचवा आठवडा : दुखणं

हा भाग मला सविस्तर लिहायचाय, कारण माझे तीन आठवडे यात गेले.

एक व्हिडिओ बघून पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन, करत होते. त्यातल्या मुलीचं कपाळ सहज गुडघ्याला टेकत होतं. मीही पायाचे अंगठे पकडायला जोर लावला, श्वास धरून. दहाव्या-अकराव्या दिवशी उजव्या बाजूला, बैठकीच्या हाडापाशी कळ आली. नंतर मशीनच्या स्टुलावर बसलं की तिथेच टोचायचं. वाकायचं सगळं बंद केलं. त्या दिवसांत फक्त ताडासन, पाठीवर पडून खांदे उघडायचे व्यायाम, शवासन आणि अनुलोम-विलोम एवढंच केलं.

मग हजारातले सहाशे रुपये मी चार शिकवण्यांवर खर्च केले. आमच्या गल्लीपासून दोन चौक पुढे एक योगशिक्षिका घरीच शिकवतात, वयाने माझ्या आईएवढ्या. मी त्यांना सांगितलं, महिन्याची फी परवडणार नाही, चार वेळा येऊ का? त्या हो म्हणाल्या. पहिल्या दिवशी मला पाय पसरून नुसतं बसायला सांगितलं. मी बसले. त्या मागे आल्या आणि माझ्या कंबरेवर तळहात ठेवला.

"अगं, वाकायच्या आधीच तुझी पाठ मागे कलली आहे. इथून ओढत गेलीस तर दुखणारच."

चादरीच्या घड्या घालून चार बोटं उंच बैठक केली आणि मला तिच्या काठावर बसवलं. त्याच क्षणी कंबर उभी राहिली. हे का होतं तेही त्यांनी सांगितलं. मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. दिवसभर गुडघे दुमडून बसणाऱ्यांचे ते आखडतात. मग जमिनीवर पाय सरळ केले की ते बैठकीच्या हाडाला पुढे खेचतात, ओटीपोट मागे कलतं आणि पाठीचं धनुष्य होतं. बूड उंच केलं की तो ताण सैल होतो आणि वाकणं कंबरेतून न होता खुब्यातून होतं. कपाळ कुठे पोचतं याला काही अर्थ नाही, पोट मांडीकडे जातंय का ते बघ, असं त्या म्हणाल्या.

व्हिडिओतल्या कोणालाही माझी पाठ दिसणार नव्हती. म्हणून मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की मॅट नको, कपडे नकोत, पण दोन-चार वेळा तरी जाणत्या माणसासमोर बसा. पैसे तिथे घाला.

पट्टा

पायापर्यंत हात पोचत नाही तर पट्टा घे, असं बाई म्हणाल्या. खाटेला लावतात ती सुती नवार आणली, दीड इंच रुंद, तीन मीटर, ४५ रुपये. दप्तराच्या बंदाला असतात तसल्या दोन कड्या २० रुपयांना. एका टोकाला कड्या अडकवून चौकोनी शिलाई मारली, मधून फुली. ही शिलाई नुसती आडवी मारू नका, ताणाखाली उसवते.

पट्टा तळपायाला अडकवून दोन्ही हातांनी धरते. पहिल्या दिवशी पाठ न वाकवता जिथे हात राहिला तिथे खडूने खूण केली. शिंप्याचा खडू, दोन दिवसांत पुसला गेला. मग तिथे लाल दोऱ्याने एक टाका घातला. तळपायापासून मोजलं तर १४ इंच. दर महिन्याला एकदा, सकाळीच, तशीच चादरीवर बसून परत मोजते आणि नवा टाका घालते. आता पट्ट्यावर चार टाके आहेत : १४, ११, साडेदहा, ७. अकरा ते साडेदहा हा महिना गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा. संक्रांतीला घरी पाहुणे, आठ दिवस काही झालं नाही, आणि ते दोऱ्यावर बरोबर दिसतं.

लोड

छाती उघडायला पाठीखाली लोड लागतो. विकतचा घ्यायचा विचारच नव्हता, घरात गणवेशाच्या चिंध्यांचं पोतं भरलेलं. मापं देते, शिवता येत असेल त्यांना कामाला येतील. तयार लोड २ फूट लांब आणि ९ इंच व्यासाचा. त्यासाठी खाकी ड्रिलचा २५ बाय साडेएकोणतीस इंचाचा तुकडा आणि दोन टोकांना १० इंचाचे गोल. शिलाईला सगळीकडे अर्धा इंच धरलाय. लांबीच्या शिलाईत चेन लावली, उसवलेल्या पँटची.

पहिल्यांदा चिंध्या नुसत्या कोंबल्या. झोपल्यावर गाठी पाठीला टोचायला लागल्या आणि चार दिवसांत मधोमध खळगा पडला. सगळं उपसलं. दुसऱ्यांदा एक जुनी चादर पसरली, तिच्यावर चिंध्या सपाट थरांनी लावल्या, आणि सुरळी करत गेले, प्रत्येक वेढ्याला गुडघ्याने दाबत. बाहेरून जुनी नऊवारी गच्च गुंडाळली. सहा किलोच्या आसपास वजन झालंय. आता हालत नाही, दबत नाही. त्याच्यावर पाठ टाकून, हात बाजूला सोडून पाच मिनिटं पडलं की दिवसभर मशीनवर मिटलेली छाती फासळी-फासळीने उघडते. मला सगळ्या अभ्यासात हे पडून राहणंच सर्वांत आवडतं.

दोन लाकडी विटा ओळखीच्या सुताराने उरलेल्या लाकडातून करून दिल्या. ९ बाय साडेचार बाय ३ इंच, कडा घासून गोल, दोन्हींचे मिळून १२० रुपये. त्रिकोणासनात हात फरशीपर्यंत नेण्याच्या नादात छाती खाली वळते. तळहाताखाली वीट आली की वळत नाही.

एवढी साधनं कशाला, असं कोणी विचारतं. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली आले आणि पुढे आयुष्यभर शिकवत राहिले. १९७५ मध्ये तिथे त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीत घडीची लोखंडी खुर्ची, पट्टा, लाकडी वीट, लोड, चादर यांचा केवढा वापर आहे हे योग करणारे सगळेच जाणतात. आखडलेल्या, आजारी, म्हाताऱ्या माणसालाही आसन मिळावं म्हणून ही साधनं. ती मुळातच घरातल्या वस्तूंसारखी आहेत हे मला फार मोलाचं वाटतं.

सूर्यनमस्कार

लहानपणी शाळेत रथसप्तमीला घालायचो. माझे आजोबा औंध संस्थानाकडचे. तिथल्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा किती प्रसार केला हे आजोबांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. यंदा तीनपासून सुरुवात केली. बैठकीच्या हाडाची कळ पूर्ण गेल्यावरच, आणि गुडघे थोडे वाकवून. दर आठवड्याला एक वाढवला. रथसप्तमीला मित्राय नमःपासून भास्कराय नमःपर्यंत बारा पूर्ण झाले. त्या दिवशी आजोबांची फार आठवण आली.

रोजचं

पहाटे साडेपाच ते सव्वासहा. आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी केलेला अभ्यासक्रमही साधारण ४५ मिनिटांचाच आहे आणि तो फुकट मिळतो. क्रम सुचत नसेल तर तो धरा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या पहाटे येतं त्या पहाटे आसनं होत नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी मशीन बंद केल्यावर, जेवणाआधी, भिंतीला पाय लावून विपरीत करणी दहा मिनिटं आणि शवासन.

सर्वांगासन अजून करत नाही. मानेवर भार येतो आणि माझी मान आधीच शिलाईने दमलेली. बाई म्हणाल्या, वर्षभर थांब.

फेब्रुवारीपासून सासूबाई शेजारी खुर्चीवर बसतात. पाय जमिनीला टेकवून हात वर, मग डावीकडे-उजवीकडे पीळ, मग भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा. गेल्या आठवड्यात मला उठायला उशीर झाला, तर त्याच दारात उभ्या. "अगं, लोड कुठे ठेवलास? मला आज पाठ टाकायचीय." त्यांच्यासाठी निम्म्या जाडीचा दुसरा शिवायला घेतलाय.

एकूण खर्च : नवार ४५, कड्या २०, विटा १२०, शिकवण्या ६००. मिळून ७८५. उरले २१५. त्यात आणखी एक शिकवणी बसते. ती जूनसाठी राखून ठेवलीय.

कारण आता गणवेशाचा हंगाम. पाडव्यानंतर माल यायला लागतो आणि शाळा उघडेपर्यंत बारा-बारा तास मशीन चालते, वर सोलापूरचा उन्हाळा. पाऊण तास मिळणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून बाईंना विचारून छोटा क्रम बांधलाय : दर डझनानंतर उठून, मशीनच्या टेबलाला हात लावून, मागे चालत जात पाठ लांब करायची, दहा श्वास. रात्री लोडावर पाच मिनिटं. पहाटे जमतील तेवढे नमस्कार, किमान तीन. पाचवा टाका एप्रिलच्या पहिल्या रविवारी. आकडा काय निघतो तो कळवीन. तुमच्यापैकी कोणी बसून काम करणारं असेल, विडी वळणारं, संगणकावरचं, रिक्षा चालवणारं, तर कामाच्या मधे काय करता ते मला सांगा, विशेषतः उजव्या खुब्यासाठी. पायडलचा पाय अजून डाव्यापेक्षा आखडलेला आहे.