आबा, इमॅजिका आणि बारा हजारांचा अंदाज: सातारा ते पाली, तीन दिवसांचा प्रवास

आमचे आबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि एसटीच्या सातारा आगारातून चालक म्हणून निवृत्त झाले आहेत. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या काळात त्यांनी मुंबईच्या फेऱ्या बोरघाटातून केल्या. मात्र त्या घाटाच्या पायथ्याशी २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे मनोरंजन उद्यान त्यांनी कधी पाहिले नव्हते. माझ्या चुलत भावंडांना, म्हणजे चौदा वर्षांच्या भावाला आणि अकरा वर्षांच्या बहिणीला, तेथे जायचेच होते. आबांनी एकच अट घातली की, जाता-येता महडचा आणि पालीचा गणपती झाला पाहिजे. माझ्या हाती वडिलांची जुनी हॅचबॅक होती आणि चौघांसाठी बारा हजारांची मर्यादा मी ठरवून घेतली होती.

पहिल्या आखणीत मी सर्व काही एकाच दिवसात कोंबले होते. पहाटे तीनला निघायचे, दुपारपर्यंत उद्यान गाठायचे आणि रात्री उशिरा परत फिरायचे. तो कागद आबांनी पाहिला आणि ‘चालकाची ड्युटी किती तासांची लावली आहेस?’ एवढेच विचारले. हिशेब मांडल्यावर लक्षात आले की या घाईपायी द्रुतगती मार्गाचा टोल, महामार्गावरचे महागडे जेवण आणि अर्ध्या दिवसासाठी पूर्ण दिवसाचे तिकीट, असे तिन्ही खर्च अंगावर येत होते. म्हणून आम्ही तीन दिवस आणि दोन रात्री घेतल्या. उद्यानाच्या दिवशी गाडी फक्त पाली ते उद्यान आणि परत, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून साठ किलोमीटरच्या आत चालवायची असे ठरले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर माझ्या मते हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. बसून बसून कंबर आखडलेल्या माणसाला उद्यानाच्या दारात उभे केले, तर तो तासाभरातच बाक शोधू लागतो आणि मग मुलांचाही दिवस जातो.

दिवस कोणता निवडावा, यावर घरात बराच खल झाला. उद्यानाची तिकिटे आठवड्याच्या मधल्या दिवसांत स्वस्त असतात, पण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात त्याच दिवसांत शाळांच्या सहली येतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मार्च उजाडला की कोकणच्या तोंडाशी असलेल्या त्या परिसरात उकाडा वाढतो आणि पावसाळ्यात घाटातले धुके आणि उघड्यावरच्या पाळण्यांचा खोळंबा, या दोन्हींची तयारी ठेवावी लागते. आम्ही फेब्रुवारीचा उत्तरार्ध घेतला, माघी गणेशोत्सव उरकलेला आहे याची खात्री केली आणि चतुर्थी टाळली. चतुर्थीला पालीत राहायला खोली मिळणे अवघड असते. मुलांच्या तीन दिवसांच्या शाळेचा प्रश्न त्यांच्या वर्गशिक्षकांना चिठ्ठी देऊन सोडवला.

सोमवारी पहाटे पाचला आम्ही साताऱ्याहून निघालो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला पहिला चहा झाला आणि पुण्याचा बाह्यवळण रस्ता आम्ही कार्यालयांची गर्दी सुरू होण्याआधी मागे टाकला. पुढे द्रुतगती मार्ग न धरता आम्ही देहूरोड, तळेगाव, लोणावळा असा जुना रस्ता घेतला. जुन्या रस्त्यावरही टोलनाके आहेत, त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी हा रस्ता घ्यावा असे मी म्हणणार नाही. द्रुतगती मार्गावर मोटारीला पूर्ण अंतरासाठी, २०२३च्या दराने, एका वेळी ३२० रुपये टोल असला तरी खरी अडचण वेगळी आहे. तेथे मनाला येईल तेथे थांबता येत नाही आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाला स्वच्छतागृहासाठी पुढच्या ‘फूड मॉल’पर्यंत थांबून राहता येत नाही. जुन्या रस्त्यावर दर दहा-पंधरा किलोमीटरवर पेट्रोलपंप किंवा हॉटेल लागते. आम्ही दीड तासापेक्षा अधिक काळ सलग गाडी चालवली नाही आणि प्रत्येक थांब्यावर आबांना पाच मिनिटे चालायला लावले.

बोरघाटात मात्र मार्गदर्शक आबाच होते. १८३० साली वाहतुकीला खुला झालेला हा रस्ता त्यांना वळणावळणाने पाठ आहे. अमृतांजन पूल जेथे होता तेथे त्यांनी गाडी हळू करायला लावली. ब्रिटिश काळातला तो पूल एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत पाडण्यात आला, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते, पण ती मोकळी जागा ते प्रथमच पाहत होते. पुढे शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान आहे, अशी कथा सांगतात आणि जुन्या पिढीतले चालक तेथे नाणे वाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. आबांनी पाच रुपये वाहिले आणि ते मला खर्चाच्या वहीत लिहायला लावले. जुन्या रस्त्याचा हा उतार फार तीव्र आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, हा त्यांचा नियम नवशिक्या चालकांनी जरूर पाळावा. तो उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.

खोपोलीपासून महड सहा-सात किलोमीटरवर आहे. वरदविनायकाच्या देवळात पायऱ्यांचा त्रास नाही, भाविकांना गाभाऱ्यात जाता येते आणि १८९२ पासून अखंड तेवत असल्याचे सांगितला जाणारा नंदादीप जवळून पाहता येतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे दुपारचे जेवण आम्ही घरूनच नेले होते. पहिल्या दिवशी जेवणावर शंभर रुपयेही खर्च झाले नाहीत.

मुक्कामासाठी आम्ही पालीला बल्लाळेश्वर देवस्थानच्या भक्तनिवासात राहिलो. खोली आधी फोन करून विचारावी आणि फोनवर तीन प्रश्न नक्की विचारावेत: खोली तळमजल्यावर मिळेल का, शौचालय कमोडचे आहे का आणि गरम पाणी किती वाजता मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या तीन उत्तरांपुढे खोलीतल्या बाकीच्या सोयी गौण आहेत. दोन रात्रींचे आमचे भाडे दीड हजारांच्या आत राहिले. संध्याकाळी आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचे आणि मग बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले, कारण तसाच प्रघात आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर अर्पण केलेली म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा पाहताना ती किती किलोची असेल यावर आबांचा आणि भावाचा वाद झाला, तो जेवणापर्यंत चालला.

मंगळवारी सकाळी भरपेट पोहे आणि चहा घेऊन आम्ही खोपोलीच्या दिशेने निघालो. उद्यान सांगडेवाडी येथे या खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. तिकिटे मी दहा दिवस आधी अधिकृत संकेतस्थळावर काढली होती. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा वेगळा दर आणि त्या आठवड्यातील सवलती आधी तपासाव्यात आणि आधारकार्ड मूळ न्यावे. थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगवेगळी आहेत. एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह आजोबा-आजींसह जाणाऱ्यांनी टाळावा, कारण कपडे बदलण्यातच दीड तास जातो. वाहनतळाचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून सकाळची न्याहारी जड असावी. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिची चौकशी आदल्या दिवशी फोनवर करावी. आबांनी ती नाकारली आणि दुपारी दोनला त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही.

आतली आमची व्यवस्था अशी होती. सकाळी ऊन तापण्याआधी मुलांनी उघड्यावरचे मोठे पाळणे घेतले, दुपारी सर्वांनी मिळून वातानुकूलित, बंदिस्त खेळ पाहिले आणि संध्याकाळी उरलेली वेळ उद्यानातल्या मिरवणुकीसाठी (परेडसाठी) ठेवली. तीन मोठी माणसे असती तर आळीपाळीने एक जण आबांजवळ थांबला असता. मी एकटाच असल्यामुळे एक सावलीतला बाक ‘आगार’ म्हणून ठरवला आणि दर तासाला तेथे हजेरी लावण्याचा नियम मुलांना घातला. आबांना तो शब्द फार आवडला. मुले परत आली की ते घड्याळ पाहून ‘सात मिनिटे उशीर’ अशी नोंद करत.

पायाखाली फरशी नसलेला नायट्रो हा रोलर कोस्टर पाहायला आबा त्याच्या खालीच अर्धा तास उभे राहिले. प्रत्येक खेळाच्या दारात उंचीची आणि प्रकृतीची बंधने लिहिलेली असतात. रक्तदाब, हृदयविकार, मान किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी तेथे हुज्जत घालू नये. आबांना मुळात त्यात बसायचे नव्हते. एवढ्या वेगाने आलेली गाडी फलाटापाशी नेमकी कशी थांबते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. चालकाशिवाय चालणाऱ्या आणि रुळावरच्याच ब्रेकांनी थांबणाऱ्या या गाडीविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल झाले नाही.

राजासॉरसच्या बोटीत मुले भिजून आली, म्हणून कपड्यांचा एक जोड प्रत्येकाने बरोबर ठेवावा. राजासॉरस ही काही उद्यानाची कल्पना नव्हे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली नाव मिळालेला तो खराखुरा भारतीय डायनासोर आहे. हे बहिणीला आधीच माहीत होते आणि तिने ते रांगेतल्या चार अनोळखी माणसांना सांगितले. आबांसाठी दिवसाचा कळस होता तो ‘आय फॉर इंडिया’. खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय अधांतरी राहतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर देशावरून विहरत गेल्याचा भास होतो. बसण्यापूर्वी कर्मचाऱ्याला पाठीच्या दुखण्याविषयी विचारून घेतले होते. बाहेर आल्यावर आबांनी एवढेच विचारले की, पुन्हा रांगेत उभे राहिले तर चालते का. मंगळवार असल्यामुळे चालले, आणि रांग जलद सरकवणाऱ्या महाग तिकिटाची गरज आम्हाला दिवसभर पडली नाही.

चुका आमच्याही झाल्या आणि त्या माझ्याच होत्या. आबांनी या प्रवासासाठी नवे बूट घेतले होते. ते मी आधी पंधरा दिवस घरात वापरायला लावायला हवे होते. चार वाजता टाचेला फोड आला आणि मिरवणूक आम्ही बसूनच पाहिली. दुसरी चूक गंभीर होती. दुपारची रक्तदाबाची गोळी गाडीतल्या पिशवीत राहिली आणि ती आणण्यासाठी मला वाहनतळापर्यंत पळावे लागले. औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत आणि घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक आजोबांच्या स्वतःच्या खिशात असावेत. माझ्या खिशात असून उपयोग नाही, कारण मी त्या वेळी दुसऱ्याच रांगेत असणार.

बुधवारी सकाळी पालीपासून तीन किलोमीटरवरच्या उन्हेरे येथे गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. पाणी बरेच गरम असते, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी पूर्ण स्नान न करता पाय सोडून बसावे. टाचेवर फोड असल्यामुळे आबांनी गुडघ्यांवर तांब्याने पाणी घेतले. देवळाबाहेरून पोह्याचे पापड आणि मिरगुंडे घेतली.

खर्चाची बेरीज १२,७०० झाली, म्हणजे मर्यादा सातशेने ओलांडली. त्यात सर्वांत मोठा वाटा अर्थातच तिकिटांचा होता. गाडी एका लिटरला अठरा किलोमीटर देत होती, म्हणून पेट्रोल सत्तावीस लिटर, सुमारे २,८५० रुपयांचे लागले. वाढीव सातशे रुपये उद्यानातल्या दुपारच्या जेवणाचे आणि पाळण्यावर काढलेल्या एका छायाचित्राचे होते; जेवण आवश्यक होते, छायाचित्राविषयी मतभेद आहेत. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना हा प्रवास एसटीने याहून स्वस्तात करता येईल. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहे आणि खोपोली-पाली गाड्या उद्यानाच्याच रस्त्याने जातात. हे आबांनी निघण्याआधीच सुचवले होते. टाचेच्या फोडानंतर मात्र त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

परतीच्या वाटेवर भर दुपारी जुनी गाडी बोरघाट चढवायची असेल तर वातानुकूलन बंद ठेवावे आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष असावे. आमचा काटा वर सरकू लागला तेव्हा आबांनी शिंगरोबापाशीच दहा मिनिटे थांबायला लावले, इंजिनाचे झाकण उघडले आणि रेडिएटरला हात लावू पाहणाऱ्या माझ्या भावाला मागे ओढले. साताऱ्याला आम्ही अंधार पडण्यापूर्वी पोहोचलो. मीटरवर ४८६ किलोमीटर झाले होते, ते आबांनी वहीत स्वतः लिहिले आणि खाली सही केली.