जागा बदलणारी टक

“टेपचा दोष असता तर तो जागा सोडून हलला नसता,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

वहीत त्यांच्या बारीक अक्षरात टेपच्या एका रिळाची, म्हणजे स्पूलची, नोंद होती: स्पूल १७, पहिली बाजू, राग गौड सारंग. पहिल्यांदा वाजवली तेव्हा टक, १२ मि. ४० से. आणि ३१ मि. ०५ से. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा टक, ८ मि. १७ से. बाकी स्वच्छ.

मेचा शेवटचा आठवडा होता, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागला होता. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ज्यांना कल्पना आहे त्यांना ‘नवतपा’ या शब्दापुढे आणखी काही सांगायला नको. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जनकगंजाकडच्या एका जुन्या वाड्यात अक्का राहतात. वय शहात्तर. शिक्षण माधव संगीत महाविद्यालयातलं, १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधवराव शिंद्यांनी सुरू केलं तेच. पुढे त्या एका गुरूंकडे घरी जाऊन वर्षानुवर्षं शिकल्या. त्या गुरूंच्या घरगुती बैठकांचे, शिकवणीचे अडतीस स्पूल त्यांच्या कपाटात आहेत, बहुतेक सत्तरच्या दशकातले. ते संगणकावर उतरवण्याचं काम त्या स्वतः करतात. माझ्याकडे फक्त संगणकाची जबाबदारी. बाडा चौकाजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे, आणि गेली बारा वर्षं या घरातली प्रत्येक तार मीच जोडली आहे.

‘टक’ म्हणजे संगणकावर उतरलेल्या आवाजात मध्येच येणारा खटका. ती ऐकल्यावर माझा संशय आधी जुन्या गोष्टींवरच गेला. टेप मशीनचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसलं. टेपचा आवाज संगणकात नेणाऱ्या ऑडिओ इंटरफेसची यूएसबी केबल बदलली. बफर वाढवून पाहिला. अर्थिंग तपासलं. दोन दिवस गेले आणि टक येतच राहिली, कधी तासात एक, कधी तीन, कधी एकही नाही. द्रुत तानांमध्ये किंवा टप्प्यात ती कुणाच्या लक्षातही आली नसती. पण विलंबित आलापात, मागे फक्त तानपुरा असताना, अक्कांचं बोट बरोबर त्या क्षणी वर उठायचं.

तिसऱ्या दिवशी मी ती जागा सॉफ्टवेअरमध्ये मोठी करून पाहिली. आम्ही ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवतो. म्हणजे सेकंदाला शहाण्णव हजार नमुने, प्रत्येक नमुना शून्य-एकच्या चोवीस बिटांनी लिहिलेला आकडा, आणि मोनो टेपचा एक तास एक जीबीहून थोडा जास्त. यूएसबीनं डेटा गाळला तर लहरीत खाच पडते, काही नमुने सलग गायब होतात. इथे तसं नव्हतं. नितळ लहरीतून एकच नमुना काट्यासारखा वर आला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नमुन्यांची सरासरी काढली, काट्याच्या किमतीतून वजा केली. उत्तर ४१,९४,३०४ च्या इतकं जवळ आलं की मी पुन्हा आकडेमोड केली.

४१,९४,३०४ म्हणजे दोनाचा बाविसावा घात. पुढची टक तपासली, तिथला फरक ५,२४,२८८ च्या आसपास. दोनाचा एकोणिसावा घात. टेपवरचा ओरखडा असे आकडे देत नाही, केबलही देत नाही. एक बिट उलटला की मात्र आकडा दोनाच्या एखाद्या घातानंच बदलतो. कुठेतरी नेमका एक बिट उलटत होता.

आणि हे कळल्याबरोबर मला जानेवारी आठवला.

जानेवारीत अक्कांची तक्रार होती की खरखर काढायला फार वेळ लागतो. मी आठ जीबी रॅमच्या जागी सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या बसवल्या: डीडीआर-४, ३२०० ची, १६-१८-१८-३६ टायमिंग, १.३५ व्होल्ट. एक्सएमपी, म्हणजे पट्टीचे ठरलेले आकडे आपोआप लावणारी सोय, चालू केलं असतं की काम झालं होतं. पण मेमरी ट्यून करण्याची मला मनापासून आवड आहे, आणि त्यांच्या अकराव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरबरोबरचा मदरबोर्ड सगळी टायमिंग उघडी ठेवणारा होता. थंडीत रात्री अकराला, शाल गुंडाळून, मी एकेक टायमिंग, म्हणजे मेमरीच्या एकेका कामाला घड्याळाचे किती ठोके द्यायचे तो आकडा, बदलत गेलो. सीएल, म्हणजे मागितलेला डेटा मिळायला लागणारे ठोके, १६ चं १५ केलं. कमांड रेट २ वरून १ वर आणला. टीआरएफसी ५६० वरून ४१६ वर. आणि टीरेफी १२,४८० वरून थेट ६५,५३५ वर, कारण बायोस, म्हणजे ही सेटिंग बदलायचा मदरबोर्डचा प्रोग्रॅम, त्याहून पुढे जाऊ देत नव्हतं.

हा शेवटचा आकडा नीट सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यात आहे.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं, आणि आजची रॅमही मुळात तीच. कपॅसिटरमध्ये साठवलेला विजेचा भार गळत राहतो. झिरपणाऱ्या माठासारखं आहे ते: पाणी पुरतं आटायच्या आत कुणीतरी येऊन पुन्हा भरलं पाहिजे. या भरण्याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर-४ च्या मानकाप्रमाणे ६४ मिलिसेकंदांत सगळे माठ भरून व्हायला हवेत, आणि त्यासाठी ८,१९२ फेऱ्या लागतात. म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. ३२०० च्या रॅमचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं, त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये १२,४८० ठोके. हे झालं टीरेफी. एका फेरीला किती ठोके लागतात ते टीआरएफसी. तेवढा वेळ मेमरी दुसरं काही करत नाही. ५६० भागिले १२,४८० केलं तर साडेचार टक्के वेळ नुसता पाणी भरण्यात जातो. माझ्या आकड्यांनी तो पाऊण टक्क्याच्याही खाली आला होता. लेटन्सी, म्हणजे मेमरीचं उत्तर यायचा वेळ, ५८ नॅनोसेकंदांवरून ५० वर आली. त्या रात्री मला फार आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

पण ६५,५३५ म्हणजे दर ४१ मायक्रोसेकंदाला एक फेरी. पूर्ण चक्राला ६४ च्या जागी सुमारे ३३५ मिलिसेकंद. प्रत्येक माठाला पाचपट वाट पाहायला लावली होती मी. बहुतेक माठ पाहतात वाट. कारखाने एवढी सवड ठेवूनच चिप बनवतात, म्हणून तर ट्यूनिंग करणारे टीरेफी सर्रास वाढवतात. मात्र उष्णता वाढली की गळती झपाट्यानं वाढते. मानकातच लिहिलेलं आहे की चिप ८५ अंशांच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगानं करावा. म्हणजे ही सवड तापमानाच्या हिशेबानंच दिलेली आहे, आणि मी ती जानेवारीच्या रात्री खर्चून बसलो होतो.

जानेवारीत मी मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या करून घेतल्या होत्या. एकही चूक नव्हती.

मी संगणक दुकानात आणला. सवयीप्रमाणे आधी ब्लोअरनं धूळ उडवली, पुढच्या पंख्याची जाळी आंधीच्या मातीनं पार बुजली होती. एसी चालू होता, मेमटेस्ट लावला, रात्रभर चालू ठेवला. सकाळी पडदा स्वच्छ. शून्य.

दुकानात बसून मी विचार करत राहिलो. आकड्यांचा पुरावा एक सांगतो, चाचणी दुसरंच. जे अक्कांच्या घरी आहे आणि माझ्या दुकानात नाही, असं काय? दुपारी मी संगणक परत घेऊन गेलो, मेमटेस्टचा तोच पेन ड्राइव्ह खिशात, सोबत तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक. बाहेर लू वाहत होती. अक्कांच्या खोलीत खिडकीला खसचा कूलर, आत बरं वाटत होतं. संगणक टेबलाखालच्या कपाटात त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला, मेमटेस्ट सुरू केला. चाळीस मिनिटं झाली, काही नाही.

“अक्का, तुम्ही स्पूल लावता तेव्हा नेमकं काय काय करता? सगळं सांगा.”

“काय करणार? दार लावते. कूलर बंद करते.”

“कूलर बंद?”

“अरे, त्या घरघरीत मला मंद्रातला षड्ज ऐकू येईल का? आणि कपाटाचंही दार लावते. तुझ्या पंख्याचा आवाज येतो.”

मी उठून कूलर बंद केला, कपाटाचं दार लावलं. अक्कांनी पन्हं आणून दिलं आणि आम्ही दोघं त्या बंद खोलीत बसून राहिलो. त्यांना याची सवय होती. रोज दुपारी त्या तासतासभर अशाच बसत, फक्त स्पूल नीट उतरावा म्हणून. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पाऊण तासानं खोली ४१ अंशांवर पोचली. कपाटाचं दार किलकिलं करून पट्ट्यांवर बंदूक रोखली: ६३.

आणि पडद्यावर पहिली लाल ओळ आली. एकच बिट चुकलेला. नंतर दुसरी. पुढच्या फेरीत पुन्हा मेमरीतले तेच दोन पत्ते, आणि एक नवा. संपूर्ण बत्तीस जीबीमध्ये मूठभर माठ इतरांपेक्षा जास्त झिरपणारे होते, आणि खोली तापली की तेवढेच रिकामे होत होते. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण बाजू आधी मेमरीत धरून ठेवायचं आणि शेवटी डिस्कवर उतरवायचं. ती सेटिंगही माझीच, डिस्कची घरघर होऊ नये म्हणून. म्हणजे अक्कांच्या गुरूंचा आवाज तासभर त्या तापलेल्या माठांमध्ये पडून असायचा.

आता एका वेळी एकच बदल. फक्त टीरेफी १२,४८० वर आणलं, बाकी सगळं तसंच. खोली तशीच बंद, तेवढीच तापलेली. दोन तास. लाल ओळ नाही. खातरजमा म्हणून पुन्हा ६५,५३५ केलं: अकरा मिनिटांत चूक. अक्का हे सगळं खुर्चीतून पाहत होत्या. “सापडलं ना?” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी सगळीच टायमिंग पट्टीवर छापलेल्या आकड्यांवर नेली. १६-१८-१८-३६, टीआरएफसी ५६०, कमांड रेट २. सीएल १५ कदाचित टिकलंही असतं, पण १६०० मेगाहर्ट्झला सीएल १६ म्हणजे दहा नॅनोसेकंद आणि १५ म्हणजे ९.४, या फरकासाठी त्या स्पूलवर काहीही पणाला लावायला मी तयार नव्हतो. माझ्या ट्यूनिंगनं एका तासाच्या फाइलची खरखर काढायला नऊऐवजी साडेआठ मिनिटं लागायची. जानेवारीत मी ती तीस सेकंदं मोठ्या अभिमानानं दाखवली होती. कपाटाच्या मागच्या फळीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवण्यापुरतं भोक पाडलं. मेमटेस्टमधली बिट फेड नावाची चाचणी, जी मेमरी भरून काही मिनिटं स्वस्थ सोडते आणि मग पुन्हा वाचते, ती मी वेळ लागतो म्हणून नेहमी वगळायचो. ती भर दुपारी, कूलर बंद ठेवून करून घेतली. फाइली फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता लहान करणाऱ्या प्रकारात, बदलताना पडताळणीचा पर्याय कायमचा चालू केला; त्यात संकुचित केलेला आवाज तिथल्या तिथे उलगडून मूळाशी ताडला जातो.

मेमध्ये उतरवलेले नऊ स्पूल पुन्हा उतरवावे लागले. ज्या टका ऐकू आल्या त्या वरच्या, म्हणजे मोठ्या किमतीच्या बिटांच्या होत्या. खालचे बिट उलटले असतील तर ते कानाला कळत नाहीत आणि लहरीतही दिसत नाहीत, त्यामुळे ‘एवढंच बिघडलं’ असं मला कुठेच म्हणता येत नव्हतं. आठ स्पूल नीट वाजले. नववा, हमीरचा, दुसऱ्यांदा लावला तेव्हा हेडवर तपकिरी भुकटी जमू लागली. टेपवरचा लेपच सुटत होता. अक्कांनी दहाव्या मिनिटाला मशीन थांबवलं आणि स्पूल डब्यात ठेवून दिला. तो आता वाजणार नाही.

त्याची मेमधली फाइल आहे. तिच्यात तीन टका आहेत. एकेका नमुन्याचा काटा शेजारच्या नमुन्यांवरून भरून काढणं सोपं असतं, कुणालाही कळत नाही. मी तशी प्रत करून दिली. मूळ फाइलही जशीच्या तशी ठेवा, असं अक्कांनी सांगितलं. मग त्यांनी वही उघडली, हमीरच्या पानावर तिन्ही वेळा लिहिलेल्या होत्या, त्यांच्यापुढे लिहिलं: ‘टेपच्या नाहीत. गुरुजींच्या तर नाहीतच.’