गाणारी कुठे उभी आहे?

"बाबा, गाणारी बाई नक्की कुठे उभी आहे?" लेकीने डोळे मिटून विचारलं.

नवा अ‍ॅम्प्लिफायर जोडून 2 दिवस झाले होते. आवाज मोठा, स्वच्छ. पण डग्गा पोकळ वाजत होता.

टॉर्च घेऊन स्पीकरमागे वाकलो. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलला, काळी लाल टर्मिनलला! म्हणजे एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज हवेतच एकमेकांना मारतो, आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गळा खोलीभर विखुरतो.

वायरी बदलल्या. डग्गा घुमला. लेकीने डोळे न उघडताच दोन स्पीकरच्या बरोबर मधे बोट दाखवलं. तिथे तर नुसती भिंत!

वर्षभर मी पुढचा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण) कुठला घ्यायचा ते वाचतोय. असं डोळे मिटून शेवटचं कधी ऐकलं होतं?