आमची वाटचाल: कोकड्याला दाद न देणारं टमाटर

उमरेडजवळ आमचं शेडनेट आहे, घरचीच माणसं अन् गावातली दोन-तीन पोरं. आधी नुसती रोपं विकायचो. पण उन्हाळ्यात पांढरी माशी वाढली की टमाटरवर कोकडा यायचा, पानं वाटीसारखी वळायची, झाड खुजं राहायचं, शेतकरी फवारून फवारून थकायचा, कारण रोग व्हायरसचा, त्याला औषधच नाही, मारायची ती फक्त माशी. मग ठरवलं, आपलंच वाण काढायचं.

या व्हायरसला अडवणारे जीन जंगली टमाटरांत आहेत, टीवाय-३ सोलॅनम चिलेन्समधून आला, टीवाय-२ हॅब्रोकायटिसमधून. जीनवाली लाइन, म्हणजे एकसारख्या गुणांची पिढी, आपल्या चांगल्या लाइनशी क्रॉस करायची, मग परत परत आपल्याच लाइनशी, नाहीतर जंगलीचे नको ते गुणही सोबत येतात. या परतीच्या दर क्रॉसमध्ये जीन साधारण निम्म्याच रोपांत उतरतो. ती ओळखायला पूर्वी रोग यायची वाट पाहा, आणि त्या वर्षी माशीच कमी असली तर सगळंच वावर हिरवंगार, ओळखणार कसं?

आता रोप ट्रेमध्ये असतानाच काम होतं. एक जण कप्प्याचा नंबर सांगतो, दुसरा कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा ट्यूबमध्ये टाकतो, नमुने हैदराबादच्या लॅबला. तिथं पानातला डीएनए जेल नावाच्या थरावर पसरवतात, प्रतिकारक जीनचा पट्टा एका जागी, साध्याचा दुसऱ्या जागी, मिश्र असेल तर दोन्ही. रिपोर्ट आला की बिनजीनची रोपं लगेच उपटून टाकतो, जागा, पाणी, मजुरी सगळं वाचतं, अन् आमच्यासारख्या छोट्यांना तेच परवडतं. आणि खरी कमाल म्हणजे एकाच झाडात दोन्ही जीन आहेत की एकच, हे वावरात पाहून सांगता येत नाही, मार्करच, म्हणजे पट्ट्यावरून दिसणारी जीनची ही खूणच, सांगतो. दोन असले तर व्हायरसनं रूप बदललं तरी टिकायची आशा जास्त.

शेतकरी विचारतात, भाऊ हे बीटी आहे का? नाही जी, बाहेरचा जीन घुसवलेला नाही, टमाटरचा टमाटरशीच क्रॉस आहे, मार्कर फक्त निवडायला. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून आम्ही बियाणं विकत नाही, भर उन्हाळ्यात माशीच्या तोंडी लावून पाहतो, फळाचा आकार, साल, वाहतुकीत टिकणं, हे वावरच ठरवतं.

आता मिरची हाती घेतलीय. तिच्या कोकड्यासाठी इतका भरवशाचा मार्कर आम्हाला अजून मिळाला नाही, म्हणून जुन्या मिरचीची झाडं उभी करून निवड चालू आहे. भिवापूर पट्ट्यात कोणाच्या घरी जुन्या मिरचीचं बी राखलेलं असेल तर मूठभर आम्हाला द्या.